शनिवारी न विकलेले झाकण

मिरजगावच्या अलीकडच्या चढावर व्हॅनच्या बॉनेटमधून निळसर धूर निघू लागला, तेव्हा डॉ. दहातोंडे यांच्या मनात पहिला विचार इंजिनाचा आला नाही, बर्फाचा आला. मागच्या लाकडी पेटीत, भुशात पुरलेल्या बर्फावर, घटसर्पाच्या लसीच्या बाटल्या होत्या. दुष्काळामुळे कर्जतजवळच्या छावणीत शेकडो जनावरे एका दावणीला आणून बांधली होती. वळवाचा एक शिडकावा झाला आणि त्यांच्यात घटसर्प दिसला. सकाळी बैलाचा गळा सुजायचा, घशात घरघर लागायची आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी नुसते दावे उरायचे. ज्यांना रोग झाला त्यांना लसीचा उपयोग नव्हता. ज्यांना अजून झाला नव्हता त्यांना ती वाचवणार होती, आणि तीही थंड राहिली तरच. ऊन लागलेली लस म्हणजे बाटलीतले गढूळ पाणी. हे डॉक्टरांनी आपल्या वरिष्ठांना दोनदा समजावून सांगितले होते. वरिष्ठांनी मान डोलावून एकच गाडी आणि एकच पेटी बर्फ दिला होता.

"थांबव," ते म्हणाले.

छगन ड्रायव्हरने गाडी बाभळीखाली घेतली. बाभळीला सावली अशी नव्हतीच. पाला शेळ्यांनी केव्हाच संपवला होता. छगनने बॉनेट उचलले आणि दोघेही मागे सरले. इंजिन तेलात बुचकळून काढल्यासारखे चकाकत होते. शिंतोडे बॅटरीवर, पंख्यावर, बॉनेटच्या पोटावर. आणि धुराड्याच्या तापलेल्या नळीवर जिथे तेल ओघळले होते तिथे ते चुरचुरत जळत होते. मधोमध, इंजिनाच्या डोक्यावर, जिथून तेल ओततात ते तोंड आभाळाकडे आ वासून उघडे होते.

"याचं झाकण कुठं आहे?"

छगनने त्या तोंडाकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले, आणि मग आठवण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उगवली.

"झाकण शिंगणापुरात हाय, सायब."

"शिंगणापुरात."

"व्हय. दगडावर ठिवलं हुतं. दोनी हात जोडायचे हुते ना."

सोनईकडची छावणी उरकून सकाळी निघताना छगनने वाट वाकडी करून गाडी शनिशिंगणापूरला नेली होती. शनिवार आहे, आलोच, असे म्हणून तो गेला होता. डॉक्टर दुसऱ्या बाजूला तोंड करून गाडीतच बसून राहिले. ज्या जिल्ह्यात भाकरीला लावायला तेल मिळत नाही त्या जिल्ह्यात एका शिळेवरून तेलाचे पाट वाहताना पाहण्याची त्यांना इच्छा नव्हती. बॉनेटचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांना वाटले, ड्रायव्हर पाणी पाहतो आहे. आपल्या हाताखालच्या माणसाविषयी इतका चांगला समज करून घेणे ही त्यांची त्या दिवशीची पहिली चूक.

"बॉनेट कशाला उघडलं होतंस?"

"देवाच्या अंगावरचं तेल घातलं इंजिनात. लई न्हाई, पळीभर. गाडीलाबी साडेसाती आस्ती. मागल्या महिन्यात दोनदा स्प्रिंगचा पाटा तुटला."

"पाटा तुटला, कारण रस्ता फुटलाय."

"तेबी हायच की."

'तेबी हायच की' ही या मुलखातली सर्वांत भक्कम तटबंदी आहे, असे डॉक्टरांचे जुने मत होते. तुम्ही कारण सांगा. कोणी ते नाकारत नाही. त्या कारणाला आदराने बसायला घोंगडी देतात, आणि त्याच्या शेजारी शनीलाही बसवतात.

"पर तुमी घोर करू नका," छगन म्हणाला. "झाकण जायाचं न्हाई कुठं. त्या गावात घराला दार न्हाई, कुनी कशाला हात लावत न्हाई. जिथं ठिवलं तिथंच आसंल बघा."

"म्हणजे झाकण सुखरूप आहे."

"एकदम."

"उत्तम. इंजिन गेलं तरी चालेल."

यात टोमणा आहे हे छगनला कळले. त्याचे समाधान मात्र ढळले नाही.

डॉक्टरांनी तेलाची काडी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून वर काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. त्यांनी उघड्या तोंडाला आपला रुमाल गच्च कोंबला. हा इलाज टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होते: इंजिन फिरू लागले की आतली हवा आणि वाफ वर रेटा देते, चिंधी उडून जाते किंवा आत पडून दांड्यांमध्ये गुंतते. उरलेला थोडा चढ चढून पुढच्या फाट्यापर्यंत उताराने घरंगळत जायला तेवढा रुमाल पुरला.

फाट्यावर सूर्यभानचे दुकान होते. पाण्याच्या पंपांचे आणि मोटारींचे सुटे भाग विकणारे त्या टापूतले ते एकच. समोर रस्त्याच्या पलीकडे सत्तार नावाचा माणूस पंक्चर काढीत बसला होता. सूर्यभान गादीवर मांडी घालून बसला होता. कपाळाला काळा टिळा, मनगटात घोड्याच्या नालेचे कडे. डॉक्टरांनी काय हवे ते सांगताच त्याने मागच्या खोक्यात हात घालून तीन झाकणे काढली, त्यांतले एक निवडले आणि उन्हात धरले.

"ह्येच बसंल तुमच्या गाडीला."

डॉक्टरांनी ते हातात घेतले. आतल्या बाजूला दोन कान, इंजिनाच्या तोंडाच्या खाचांना जुळणारे. बुचाच्या लाकडाची वाटोळी चकती, सुकलेली पण अभंग. दिवसातली ही पहिली वस्तू अशी होती की जी जशी असायला हवी तशीच होती.

"आणि दोन शेर ऑइल. किती झाले?"

सूर्यभानने झाकण त्यांच्या हातून परत घेतले.

"आज इकता येत न्हाई, डॉक्टर. शनवार हाय."

"मग?"

"मला साडेसाती लागलीय. शनवारी लोखंड आन् तेल इकायचं न्हाई, आसं बोललोय मी देवापुढं."

"मग दुकान उघडं कशाला ठेवलंय?"

"दोरखंड हाय की. रबरी नळी हाय. पायजे तर न्या."

डॉक्टरांनी बर्फाचे सांगितले, लसीचे सांगितले, छावणीतल्या सुजलेल्या गळ्यांचे सांगितले. सूर्यभानने सगळे ऐकून घेतले आणि खऱ्या हळहळीने जीभ चुकचुकवली. त्याचा स्वतःचा बैलही एकदा असाच गेला होता.

"दुप्पट पैसे घ्या."

"पैशाचा इषय न्हाई. उद्या या, फुकट देतो."

"उद्या ही लस फेकून द्यायची आहे."

"सायब, वाईट वाटून घिऊ नका," छगन मागून हळूच म्हणाला. "त्येंचंबी बरूबर हाय."

डॉक्टरांनी वळून त्याच्याकडे पाहिले. छगनने नजर रबरी नळीकडे वळवली.

"एक वाट हाय," सूर्यभान म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुकानदार जागा झाला. "इकायचं न्हाई, पर दान करायला हरकत न्हाई. शनवारी लोखंडाचं आन् तेलाचं दान लई मोठं. झाकण घ्या, तेल घ्या, दमडी देऊ नका."

"मग द्या."

"तुमी घेनार?" सूर्यभान गादीवरून अर्धा उठला. "आसं बघा, मी लपवून ठिवत न्हाई. दान घेतलं की देनाऱ्याची पीडा घेनाऱ्याकडं जाती. म्हून कुनी घेत न्हाई. सा म्हैने झाले, दर शनवारी बसतोय मी हितं. ह्या सत्तारलाबी म्हनलं."

"आन् मी साफ सांगितलं, शेठ!" रस्त्यापलीकडून सत्तार ओरडला. "आमाला तुमचा शनी लागू न्हाई, पर सासू लागू हाय. तेवढी पीडा बास!"

डॉक्टरांनी सूर्यभानच्या हातातल्या झाकणाकडे पाहिले. दुकानात उभा असलेला हा डॉक्टर परळच्या कॉलेजातून पशुवैद्यकाची पदवी घेऊन आलेला होता आणि ग्रहांची गती त्याला या फाट्यावरच्या कोणाहीपेक्षा अधिक चांगली ठाऊक होती. त्याचे नाव मात्र कानिफनाथ होते. आई मढीच्या नाथांना नवस बोलली, मुलगा झाला आणि नाथांचे नाव त्याला कायमचे चिकटले. सही करताना तो ते नाव आद्याक्षरात कोंबून टाकी. अंधश्रद्धेविषयी त्याला राग नव्हता. राग येण्यासाठी समोरच्या गोष्टीला थोडे वजन असावे लागते.

त्यांनी तर्क केला. पीडा नावाची वस्तू अस्तित्वात नाही. जी वस्तू नाही ती या माणसाकडून माझ्याकडे येऊ शकत नाही. तेव्हा ती घेतली असे म्हणणे म्हणजे काहीही न म्हणणे. आणि काहीही न म्हणून झाकण मिळत असेल, तर न मिळवणारा मूर्ख. यात कुठेही फट नव्हती.

"घेतो," ते म्हणाले.

सूर्यभानची लगबग पाहण्यासारखी होती. क्षणात काळ्या फडक्यावर तीळ आले, मूठभर उडीद आले, वर झाकण, शेजारी तेलाचा डबा. त्याने डॉक्टरांना उजवा तळहात पुढे करायला लावला आणि त्यावर पाणी सोडले.

"आता म्हना: तुमची पीडा मी घेतली."

रस्त्यापलीकडे सत्तारने हातातला हातोडा थांबवला होता. छगन दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता, उंबऱ्याच्या पलीकडे, जणू आत कोणाला देवीचा रोग झाला होता. डॉक्टरांनी तोंड उघडले आणि त्यांना आश्चर्य वाटले, कारण शब्द निघेनात. भीती नव्हती, ते त्यांनी स्वतःशी नीट तपासून पाहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीला आपण हसलो तिच्यासमोर आपला ओला तळहात पसरलेला आहे, एवढेच कारण होते. पण तेवढे कारण जिभेला पुरेसे होते.

"तुमची पीडा मी घेतली," ते अखेर म्हणाले, औषधाचे नाव सांगावे तसे.

दाढ उपटल्यावर माणसाचा चेहरा सुटतो, तसा सूर्यभानचा चेहरा सुटला. तो कितीतरी दिवसांनी इतका प्रसन्न दिसत असावा. त्याने चहा मागवण्याची तयारी दाखवली. मात्र डॉक्टरांच्या हातात हात द्यायचे त्याने टाळले.

बाहेर येऊन डॉक्टरांनी इंजिनाच्या तोंडाची कड स्वच्छ पुसली, रुमालाचा एखादा धागा आत राहिला नाही ना हे पाहिले, तेल ओतले, काडीवर वरच्या खुणेपर्यंत आले याची खात्री करून घेतली. झाकणाची सुकी चकती तेलात भिजवून मऊ केली, कान खाचांत बसवले आणि झाकण फिरवून घट्ट केले. इंजिन चालू करायला लावून कडेभोवती बोट फिरवले. बोट कोरडे आले. हा एवढा सरळ व्यवहार होता. लोखंड, बूच आणि तेल, तिघांनीही वार कोणता हे विचारले नाही.

कर्जतपर्यंत छगनने दाराला चिकटून, अंग चोरून गाडी चालवली. डॉक्टरांनी सुरईतले पाणी पिऊन ती त्याच्यापुढे धरली, तेव्हा तो म्हणाला, "तान न्हाई, सायब." मे महिन्याची दुपार होती. त्याचे ओठ फुटले होते.

छावणीत पोचल्यावर त्यांनी प्रथम पेटी उघडली. बर्फाचे एक ढेकूळ शिल्लक होते, भुसा ओला होता, बाटल्यांना हात लावला की थंड लागत होत्या. त्यांनी सुया उकळायला ठेवल्या, पिचकारी जुळवली, बाह्या सरसावल्या आणि पहिले जनावर आणायला सांगितले.

कोणी हलले नाही. दावणीपाशी माणसे घोळका करून उभी होती आणि घोळक्याच्या मध्यभागी छगन होता. तो हातवारे करीत नव्हता, आवाजही चढवत नव्हता. मयताची बातमी सांगावी तसा तो सांगत होता.

छावणीचा मुकादम सहादेव पुढे आला. तो शिकलेला होता, निदान सहीपुरता.

"डॉक्टर, रागावू नका. मानसं म्हनत्यात, तुमी शनीचं दान घेऊन आलाय. आज तुमचा हात जनावराला नको."

"काल किती गेली?"

"पाच."

"आणि आज?"

सहादेवने मान मागे वळवली. त्याच्या मागे कुठेतरी एक जनावर घरघरत होते. ते उत्तर पुरेसे होते.

"लस माझा हात बघत नाही, सहादेव."

"ते मला कळतंय. पर दावं त्येंच्या हातात हाय."

डॉक्टरांनी त्या माणसांकडे पाहिले. ही माणसे मूर्ख नव्हती, हाच त्यांचा खरा दोष होता. मूर्खाला फसवता येते. ही माणसे चुकीच्या जागी पाय रोवून तिथून बिनचूक चालत होती. शनी नाही, हे पटवायला एक शाळा, एक दुर्बीण आणि एक पिढी लागली असती. डॉक्टरांकडे बर्फाचे एक ढेकूळ होते.

"ठीक आहे," ते मोठ्याने म्हणाले. "मला सांगा, दान कशाचं घेतलं?"

"झाकनाचं," घोळक्यातून कोणी म्हणाले. "आन् तेलाचं."

"झाकण कुठं बसलंय?"

"गाडीला."

"तेल?"

"गाडीतच."

"गाडी कुणाची?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पांढऱ्या पत्र्यावर सरकारी अक्षरे उन्हात चकाकत होती.

"सरकारची की!"

"मग वस्तू ज्याच्या घरात गेली, पीडाही त्याच्याच घरात गेली. मी नुसता हमाल."

माणसांनी पुन्हा गाडीकडे पाहिले. मग एक म्हातारा खोकल्यासारखे हसला.

"आयला, सरकारला साडेसाती! नव्यानं काय लागायची? ती तर जुनीच हाय!"

"म्हून तर पाऊस न्हाई," दुसरा म्हणाला, आणि घोळका फुटला. पाणी न देणाऱ्या, धान्य उशिरा देणाऱ्या सरकारला शनी लागला, ही त्या वर्षी त्यांनी ऐकलेली सर्वांत चांगली बातमी होती. सहादेवने पहिले दावे स्वतः सोडून आणले. छगनही सुटका झाल्यासारखा पुढे आला, त्याने सुरई उचलली आणि अर्धी रिकामी केली.

डॉक्टर मान खाली घालून काम करू लागले. मानेची कातडी चिमटीत, सुई आत, पिचकारी खाली, पुढचे. त्यांनी खोटे काही सांगितले नव्हते. एका खुळ्या गृहीतकातून योग्य निष्कर्ष काढून दाखवला होता, इतकेच. तरीही तोंडाला कडवट चव आली होती, आणि ती धुळीची नव्हती.

ऊन कलले तेव्हा शेवटची रांग उरली. तिच्या तोंडाशी राहीबाई नावाची एक बाई तांबड्या बैलाला धरून उभी होती. या बैलाचा जोडीदार काल गेला होता, हे सहादेवने सांगितले होते. बाकी सगळे हसत होते तेव्हा ती हसली नव्हती. ती विचार करीत होती. डॉक्टरांनी सुई उचलताच तिने दावे आपल्याकडे ओढले.

"डॉक्टर, एक इचारू का?"

"विचारा."

"गाडी सरकारची, म्हून पीडा सरकारच्या घरी गेली. आसंच ना?"

"असंच."

"मंग ही लस कुनाची?"

तिच्या मागच्या माणसांनीही आपापली दावी आखडली. डॉक्टर पिचकारी हातात धरून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी ऐकलेला हा सर्वांत सुसंगत प्रश्न होता. तो त्यांच्याच वाक्यातून, त्यांच्याच पद्धतीने, एकही पायरी न चुकवता काढलेला होता. कॉलेजात एखाद्या विद्यार्थ्याने असा विचारला असता तर त्यांनी त्याचे कौतुक केले असते. पेटीतला बर्फ आता पाणी झाला होता आणि ते पाणी अजून गार होते. फार वेळ राहणार नव्हते. बैलाने मान हलवली. गळा मऊ होता, सूज नव्हती.

"माझी," ते म्हणाले.

"सरकारची न्हाई?"

"नाही. माझ्या पैशानं आणली."

"बाटलीवर शिक्का हाय की."

"तो दुकानदाराचा."

राहीबाईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. मग तिच्या हातातले दावे सैल झाले.

"मंग टोचा. देव तुमचं भलं करील, सवताच्या पदरचं घालून आमच्या बैलाला..." ती बैलाच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली.

सुई आत गेली. बैलाची कातडी थरथरली. मागची रांग पुढे सरकली.

तेवढ्यात पलीकडच्या दावणीवरून, जिथली जनावरे केव्हाच टोचून झाली होती, एक तरणा गडी ओरडला, "ओ डॉक्टर! मंग आमच्या म्हशीला टोचली ती कुनाची?"

"तीही माझीच," डॉक्टर म्हणाले.

"आन् सोनईकडं टोचली ती?"

"तीही."

"आरं बाप्पा!" सहादेव म्हणाला. "एवढा पगार आस्तो व्हय ढोरडॉक्टरला?"

सगळे हसले. छगन सर्वांत मोठ्याने हसला. लस सोडवून आणायला तो स्वतः डॉक्टरांबरोबर सरकारी कोठीत गेला होता, तेव्हा त्याला सत्य ठाऊक होते, आणि ते सत्य त्याच्या भक्तीला किंवा हसण्याला कुठेही आडवे आले नाही.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. पुढच्या कालवडीच्या मानेची कातडी त्यांनी चिमटीत धरली.